पांढऱ्या पट्ट्याची झाडं

"दर वर्षी डबा माझ्याच मांडीवर का?" मागच्या सीटवर टिपेने पुटपुटला. "तेल झिरपतंय. चटका बसतोय. ही मांडी आहे की चुलीचा कट्टा?"

"तुझी मांडी ऐसपैस आहे," मोकी खिडकीबाहेर बघत म्हणाला. "डब्यालाही जरा सुख नको?"

"तुझ्या मांडीला काय झालंय?"

"गेल्या वर्षी होता माझ्या मांडीवर. पोचेपर्यंत अर्धा रिकामा झाला. तेव्हापासून आंटी हूरियाने मनाई केलीय."

दोघांच्या मध्ये चेपून बसलेली नोलीन हसली नाही. एरवी ती या दोघांच्या भांडणात तेल ओतायची. आज तिचं लक्ष समोरच्या सीटवरच्या पांढऱ्या केसांकडे होतं. गाडी कोरो होरोमोना चालवत होते. कोरो म्हणजे आजोबा. टिपेनेचे ते सख्खे काका, पण गावाने त्यांना केव्हाच कोरो करून टाकलं होतं, आणि नोलीन गोऱ्यांची असली तरी तिचेही ते कोरोच. गाडीचा वेग असा, की रस्त्याकडेची रानकोंबडी पायी पुढे निघून जावी. शेजारची सीट रिकामी होती, पण तिथे माणूस बसत नसे. तिथे मोजायची फीत, उंची बघायचं यंत्र आणि पांढऱ्या रंगाचा डबा बसायचा. माणसं मागे.

इकडे जुलै म्हणजे ऐन हिवाळा; दहिवर पाइनच्या पायथ्याशी अजून पांढरं होतं. मोजणीचा दिवस म्हणजे या मंडळींचा सणच. आंटी हूरिया, म्हणजे कोरोंची धाकटी बहीण, पहाटे उठून पाव तळायची, आणि टिपेने नि मोकी त्या दिवशी दाढी करून यायचे. जंगलात दाढी कोण बघतं, असं विचारलं तर मोकी म्हणायचा, "झाडं."

नोलीनचं काम जंगल वाढवायचं होतं. खऱ्या मातीत नाही, संगणकात. जमीन कशी आहे, रोपं किती लावली, खालच्या फांद्या कुठल्या वर्षी छाटल्या, दाटी कमी करायला मधली झाडं किती काढली, एवढं तिने टाइप केलं की पडद्यावर एकेक वर्ष सरकायचं आणि पाइन उंच होत, जाड होत जायचे. बाहेर ज्याला तीस वर्षं लागतात, ते किटलीतलं पाणी उकळेपर्यंत व्हायचं. कचेरीत ती टायपिस्ट म्हणून लागली होती. पहिला संगणक आला तेव्हा साहेब लोक त्याच्याकडे पाहुण्यांच्या कुत्र्याकडे बघावं तसे बघायचे: चावत नसेल, पण हात कशाला लावा? सोबत आलेली जाडजूड पुस्तकं नोलीन घरी घेऊन गेली आणि रस्सा शिजेपर्यंत एकेक धडा, असं करत वाचून काढली. आता ती पन्नाशी ओलांडून गेली होती, आणि साहेब लोकच तिला विचारायला यायचे की अमुक टेकडीवर अमुक साली काय उभं असेल.

पण यंत्राला झाड म्हणजे काय, ते कुठे ठाऊक? त्याला शिकवावं लागतं. म्हणून जंगलात इथे-तिथे काही चौकोनी तुकडे नमुन्यासाठी राखले होते. तुकड्यातल्या प्रत्येक झाडाला छातीच्या उंचीवर पांढरा पट्टा, पट्ट्यावर नंबर. नियम एकच: जे सगळ्या जंगलाचं होईल तेच या तुकड्यांचं व्हायला हवं. कमी नाही, जास्त नाही. दर हिवाळ्यात ही झाडं मोजायची, आणि त्यांच्या वाढीवरून यंत्र बाकीचं जंगल वाढवणार. इथले सगळे तुकडे कोरो मोजायचे. तीस हिवाळे त्यांनी त्याच झाडांना मिठी मारून फीत गुंडाळली होती. नोलीनच्या यंत्राला जे काही येत होतं ते कोरोंच्या हातांनी शिकवलेलं होतं, आणि हे ती कुणालाही अभिमानाने सांगायची.

गेल्या उन्हाळ्यापर्यंत सांगायची.

उन्हाळ्यात नदीकाठचा भाग कापला, लाकूड मोजलं, आणि ते यंत्राने सांगितल्यापेक्षा आठव्या हिश्श्याने कमी भरलं. कुणी म्हणालं, दुष्काळ पडला होता. कुणी म्हणालं, करवतीत गेलं. कुणी काट्यावर संशय घेतला. नोलीनने स्वतःवर घेतला. तिने आपला प्रोग्राम ओळ न् ओळ उसवून पुन्हा शिवला, पण टाका कुठे चुकलाय ते सापडेना. शेवटी ती एकटीच गाडी काढून एका तुकड्यात जाऊन उभी राहिली. पांढऱ्या पट्ट्याची झाडं गुटगुटीत होती. ती तुकड्याच्या बाहेर चालत गेली आणि मागे वळून बघितलं. मग टिपेनेच्या टोळीला चहाच्या खोलीत गाठलं.

टिपेने छाटणीच्या टोळीचा मुकादम, मोकी त्याचा उजवा हात. दोघंही पन्नाशीला टेकलेले, दोघांनाही कोरोंनीच कामाला लावलेलं.

"तुकड्यातली झाडं बाहेरच्यापेक्षा जाड का आहेत?" तिने विचारलं.

"का म्हणजे?" टिपेने बिस्किट बुडवत म्हणाला. "कोरोंची झाडं आहेत ती."

"ते माहीत आहे. पण जाड का?"

"अगं नोल्स, तिथली छाटणी मी दुसऱ्या कुणाला करू देतो का? शिडी नीट लावून, एकेक फांदी, स्वतः करतो."

"वेळेवर?"

"वेळेवर काय, सगळ्यात आधी! बाकीच्या डोंगराला उशीर झाला तर झाला."

"आणि ब्लॅकबेरीची काटेरी जाळी मी काढतो," मोकीने मधेच तोंड घातलं, कारण श्रेय एकट्या टिपेनेला जात होतं. "म्हातारा माणूस मोजायला येणार. पाय अडकून पडला तर?"

"आत्ता काढतोस?"

"लावणीपासून काढतोय. आतापर्यंतची सगळी."

"मोठा आलाय जाळीवाला," टिपेने म्हणाला. "माझा चुलतभाऊ जंगलावर खत टाकायचं विमान उडवायचा, त्याचं विचार. तो तिथून एकदा जायचा आणि वळून परत एकदा जायचा. कोरोंनी त्याला पोहायला शिकवलं होतं ना."

नोलीनने कप खाली ठेवला. "अजून काय?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"सतरा नंबर," मोकी हळूच म्हणाला.

"सतरा नंबरला काय झालं? दर वर्षी वाढतोय तो."

"वाढतोय गं. पण मोठ्या वादळात तो आडवा झाला होता. तीन झाडं झाली होती. आम्ही विंचच्या तारेने ओढून उभी केली."

"आडवं झालेलं झाड मेलं म्हणून लिहायचं असतं, मोकी!"

"कोरोंना कसं सांगायचं, सतरा नंबर मेला म्हणून? कितीतरी वर्षं तार बांधून ठेवली. मोजणीच्या आदल्या दिवशी सोडायचो, ते गेले की पुन्हा बांधायचो. पाळण्यातल्या पोरासारखं सांभाळलं गं."

नोलीनला हसावं की टेबलावर डोकं आपटावं, कळेना. प्रत्येकाला वाटत होतं, आपण एवढंसंच केलंय. आणि तिच्या यंत्राने भाबडेपणाने, डोंगरामागून डोंगर, सगळ्या जंगलाला टिपेनेची शिडी दिली होती, मोकीचा कोयता दिला होता, दोनदा फिरलेलं विमान दिलं होतं. वादळात पडलेल्या प्रत्येक झाडामागे पडद्यावर एकेक मोकी विंच घेऊन उभा होता.

हे नुसतं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. जंगल गावाच्या ट्रस्टचं होतं. आंटी हूरिया त्याची अध्यक्ष. दर वर्षी किती कापायचं, ते नोलीनच्या अंदाजावरून ठरायचं. अंदाज फुगलेला असला तर आज भराभर कापणार, आणि पुढे काही वर्षं अशी येणार की कापण्याजोगं एकही झाड उभं नसेल. मग टोळ्या बंद, माणसं शहराकडे, नाहीतर ऑस्ट्रेलियाला. पलीकडच्या खोऱ्यात एका गावाचं असं झालेलं सगळ्यांनी पाहिलं होतं. तिथल्या शाळेत आता मेंढ्या विसाव्याला बसतात.

"कोरोंना सांगायला हवं," नोलीन म्हणाली.

"सांग की," टिपेने म्हणाला. "यंत्र तुझं आहे."

"काका तुझे आहेत."

"म्हणूनच! पुढच्या आठवड्यात मला त्यांच्याच पंगतीला बसायचंय. मोकी सांगेल."

"मी?" मोकी उठलाच. "मला बोलता कुठे येतं? मी आजवर नीटसं बोललोच नाही कधी."

"चहाच्या खोलीत तुझ्याशिवाय कुणाचा आवाज येत नाही!"

"तो आवाज. बोलणं वेगळं."

शेवटी कुणीच सांगितलं नाही. कोरोंनी तीस वर्षं मापलेलं यंत्राला उपयोगाचं नाही, हे वाक्य तिघांच्याही तोंडात आलं आणि तिघांनीही ते चहाबरोबर गिळलं. नोलीनने मग पळवाट काढली. प्रोग्रामच्या शेवटी तिने एक छोटी ओळ घातली: जे काही उत्तर येईल, त्यातून मुकाट्याने आठवा हिस्सा वजा करायचा. उत्तर खऱ्याला लागून आलं. तो कागद तिने आंटी हूरियाला नेऊन दिला. गाव वाचलं, कोरोंनाही काही कळलं नाही. त्या दिवशी ती घरी जाऊन निवांत झोपली. आपण किती हुशार आहोत, असंही तिला वाटलं. आणि असं वाटलं की तिचं काहीतरी बिनसायचंच.

आता गाडी थांबली. कोरो उतरले, पाठ ताणली, आणि तुकड्याच्या कडेला उभं राहून झाडांना म्हणाले, "काय म्हणता?"

मोजणी सुरू झाली. मोकी पुढे होऊन पट्ट्यावरची सुटलेली साल हाताने साफ करायचा, कोरो फीत गुंडाळायचे, आकडा पुकारायचे, नोलीन टिपायची, टिपेने पट्टा रंगवायचा. आकडा पुकारून झाला की कोरो झाडाला एक थाप द्यायचे, शाळेतून घरी आलेल्या पोराच्या पाठीवर द्यावी तशी.

"सतरा!" कोरो थबकले. "हा बघा. त्या वादळात केवढाली झाडं लोळली, पण हा ताठ. जातच वेगळी याची."

टिपेनेला जोराचा खोकला आला. मोकी आभाळात एखादं विमान दिसतंय का बघू लागला.

दुपारी कोरोंनी जेवणाआधीची प्रार्थना म्हटली, डबा उघडला, तळलेल्या पावावर काकवी ओघळली आणि गप्पा चालू झाल्या. पहिला पाव संपल्यावर कोरो म्हणाले, "तुम्ही दोघं जरा लाकडं गोळा करून आणा. पाणी उकळू."

"थर्मासमध्ये चहा आहे, कोरो," टिपेने म्हणाला.

"मला ताजा हवाय."

ते दोघं गेले. कोरो ओंडक्यावर नोलीनच्या जवळ सरकले. इकडे-तिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"पोरी, हूरियाने मला तुझा कागद दाखवला."

नोलीनने हातातला पाव परत डब्यात ठेवला.

"आकडा कमी आलाय. बराच कमी." त्यांनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. "मी कुणाला बोललो नाही. टिपेनेला तर नाहीच, त्याच्या तोंडात तीळ भिजत नाही. होतं असं. गेल्या वर्षी तुझं ऑपरेशन झालं, वर हे नदीकाठचं झेंगट. माणूस थकतं. यंत्रात कुठेतरी तुझी चूक राहिलीय."

"माझी चूक," नोलीन म्हणाली.

"मी घरी बसून हिशोब केला. आपली झाडं मला पाठ आहेत. तुझ्या कागदावर आहे त्याहून जंगल कितीतरी जास्त देईल. पण उद्या ट्रस्टच्या सभेत तू घाबरू नकोस. तुझं नाव मी येऊच देणार नाही. मी उभा राहीन आणि सांगेन, कागद बाजूला ठेवा, ही झाडं मी या हातांनी मापलीत, आकडा माझा घ्या, शब्द माझा घ्या. माझ्या शब्दापुढे कुणी बोलणार नाही."

हे खरं होतं. कुणी बोललं नसतं. गावाच्या मराएवर, म्हणजे पूर्वजांच्या घरासमोरच्या सभेच्या अंगणात, उभं राहून दिलेला शब्द नुसता माणसाचा राहत नाही. तो पुढे मुलांच्या, नातवंडांच्या नावाला चिकटतो. कोरोंनी आजवर तिथे दिलेला एकही शब्द खाली पडला नव्हता. आणि उद्या ते तिला सांभाळून घ्यायला म्हणून, भरल्या सभेत, असं जंगल कबूल करून बसणार होते जे नव्हतंच. काही वर्षांनी करवती थांबल्या असत्या, आणि लोकांनी म्हटलं असतं, होरोमोनाने सांगितलं होतं.

"कोरो, दुष्काळामुळे..." तिने सुरुवात केली.

"दुष्काळाला काय धाड भरली? या झाडांवर दिसतोय कुठे दुष्काळ?"

"नाही. यांच्यावर नाही दिसत."

"मग?"

नोलीनने मदतीसाठी बघितलं. टिपेने आणि मोकी पलीकडे लाकडं गोळा करत होते. म्हणजे मोकी एकच काटकी उचलायचा, न्याहाळायचा, परत ठेवायचा. दोघांचेही कान इकडे होते, आणि त्यांच्याकडून येणारी मदत तेवढीच होती.

तिने फीत उचलली. "कोरो, माझ्याबरोबर जरा चला. एक झाड मापायचंय."

"सगळी मापून झाली की."

"अजून एक."

पांढरे पट्टे मागे टाकून ती चालत गेली. ब्लॅकबेरीची जाळी पायात यायला लागली. कोरोंनी काठीने ती बाजूला केली आणि इथे कुणी साफसफाई का करत नाही म्हणून कुरकुरले. बिनपट्ट्याच्या, बिननंबरच्या एका पाइनपाशी ती थांबली. कोरोंनी सवयीने छातीच्या उंचीवर फीत गुंडाळली, वाचली, परत वाचली.

"अशक्त आहे बिचारं," ते म्हणाले. "हे धरू नकोस."

"बरं. मग तुम्ही निवडा."

त्यांनी पुढचं निवडलं. फीत गुंडाळली. वाचली, सोडली. मग त्याच्या पुढचं. मग जरा बरं दिसणारं एक. टिपेने आणि मोकी आता काटक्यांचं सोंग सोडून जवळ येऊन उभे होते. मोकीने टोपी काढून हातात घेतली होती.

"जागा वाईट असेल इथली," कोरो म्हणाले. "खाली खडक असेल."

"जागा तीच आहे, कोरो. रोपंही तीच, लावणीही त्याच आठवड्यातली. तुम्हीच होतात लावायला."

"होतो." त्यांनी वर बघितलं. छाटायच्या राहून गेलेल्या फांद्या उंचावर वाळून लोंबत होत्या. मग त्यांनी पुढच्या झाडाला फीत घातली, आणि त्याच्या पुढच्या. आकडा आता पुकारत नव्हते. थाप मात्र प्रत्येकाला देत होते. काठी, फीत, झाड, थाप, असं करत ते बरेच आत गेले. तिघं त्यांच्या मागे, एका ओळीत, शाळेतून काढून टाकल्यासारखे.

शेवटी एका झाडावर तळहात तसाच ठेवून कोरो थांबले.

"यांना झालंय काय?" त्यांनी विचारलं. आवाजात चिडचिड नव्हती, काळजी होती. घरातली सगळी मुलं एकदम आजारी पडलेली बघावीत तशी. "पोरी, या सगळ्यांना झालंय तरी काय?"

मोकीने टोपीतल्या टोपीत बोटं फिरवली. नोलीनने त्यांच्या हाताशेजारी आपला हात ठेवला, आणि साल खरखरीत, गार लागली.

"यांना काही झालेलं नाही, कोरो," ती म्हणाली. "जंगल असंच आहे. तुमच्या झाडांचे लाड झालेत. आम्ही केले, सगळ्यांनी. तुमची झाडं म्हणून."